टाकीचं टाळं

"दीकरी, या मोटारच्या टाकीला टाळा लाव," खुशरूशेठ म्हणाले होते. "आणि किल्ली तुझ्याजवळ ठेव. नवऱ्याजवळ नाय, आणि सासूजवळ तर नायच नाय."

चंद्राने ते हसण्यावारी नेलं.

खरं तर चंद्रा ही इशारे हसण्यावारी नेणारी बाई नव्हे. मुंबईच्या कॉलेजातून बी.ए. होऊन ती नरपडला मासेवाल्यांच्या घरात सून म्हणून आली, आणि नारू जन्मला त्या दिवसापासून तिला जगात सुरक्षित अशी एक वस्तू दिसेनाशी झाली. पाळणा माडाखाली नको, नारळ पडेल. खिडकी विहिरीकडे उघडी नको. नारूची दुधाची बाटली ती दोनदा उकळायची आणि मग ज्या पातेल्यात उकळली ते पातेलं वेगळं उकळायची. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वलांडीखालून जाताना पोराच्या डोक्यावर पदर धरायची.

"अगो, बोंबील डोक्यात पडून मेलेला माणूस मी अजून बघितला नाय," सासूबाई विठाबाई म्हणायच्या.

"तुम्ही बघितला नाही म्हणजे कुणी मेलं नसेल असं नाही, आई," चंद्रा म्हणायची.

अशा बाईने नेमका हा एकच इशारा वाऱ्यावर सोडला. नरपडला कोण चोर येणार पेट्रोल काढायला, असं तिने शेठना विचारलं. शेठ डहाणूचे जुने चिकूवाडीवाले, आपली लढाईच्या आधीची मोटार विकायला काढून दुःखात बसलेले. ते म्हणाले, "चोर बिचारा काढतो, टाकत तर नाय ना? टाळा घरवालांसाठी असते." शेठचं वय झालं, असं चंद्राच्या मनात आलं. टाळं मात्र चांगलं पितळेचं होतं, म्हणून तिने ते घरी नेऊन नारूच्या औषधांच्या पेटीला लावलं.

मोटार घरी आली तो नारूच्या उष्टावणाचा दिवस. अंगणात रांगोळी, पोराच्या हनुवटीला खीर, आणि पोराकडे बघायला आलेली सगळी आळी मोटारीभोवती. चंद्राच्या नवऱ्याने, सदानंदने, पुढे मोटारीची पाठ कापून फळ्या ठोकल्या आणि माशांच्या पाट्या ठेवायची सोय केली. नरपडची मासळी डहाणूवरून, गंजाडच्या रस्त्याने, फिरून तलासरीच्या बाजाराला न्यायची असा त्याचा बेत. चंद्राचा बेत त्याच्याच शेजारी बसलेला होता. तलासरीच्या शाळेत तिला मास्तरीणबाईची जागा मिळाली होती. दिवाळीच्या सुटीनंतर सोमवारी शाळा उघडेल तेव्हा हजर व्हायचं होतं. शाळेच्या आवारात राहणारी शिपायाची बायको नवशी तासांच्या वेळी नारूला सांभाळायला कबूल होती. एस.टी.चं वेळापत्रक अंगावरच्या पोराला घेऊन जाणारीचं नव्हतं. म्हणजे मोटार चालली तर नोकरी, नाही तर चूल.

आणि मोटार चालत होती. हळू चालवली तर अगदी गुणी, देवळात जाणाऱ्या म्हातारीसारखी. पण जरा लांबवर रेस दिली की तिला खोकला यायचा. आधी एक आचका, मग दुसरा, मग पुढे जायच्या ऐवजी जागच्या जागी माना टाकणं. पाय काढला की पुन्हा गुणी.

आता सदानंदचा उजवा पाय हा त्याच्या बाकीच्या देहाहून वेगळ्या स्वभावाचा होता. सदानंद सावकाश जेवणारा, सावकाश बोलणारा. आयुष्यभर शिडाच्या होडीत बसलेला. वारा आला तर जायचं, नाही तर विडी ओढायची. वाऱ्याला काही पायाने दाबता येत नाही. मोटारीत बसल्यावर त्याला पहिल्यांदा कळलं की वारा पायाखाली असतो, आणि त्या दिवसापासून तो पाय वर यायला तयार होईना.

खोकल्यावर आळीने आपापली औषधं सांगितली. कोणी म्हणालं पाट्या मागे जास्त, पुढे कमी, होडीसारखी पुढची नाळ उचलते. कोणी म्हणालं पेट्रोलमध्ये घासलेट. विठाबाईंनी मीठमिरच्या ओवाळल्या. त्यांचा धूर इंजिनात ओढला गेला आणि सदानंदच शिंकत बाहेर आला.

मग ते डहाणूच्या रेल्वे फाटकाचं झालं.

मागे फळ्यांवर, पाट्या डोक्यावर घेऊन बसलेल्या विठाबाई आणि आळीतल्या चार जणी, पुढे सदानंद, शेजारी नारूला घेऊन चंद्रा. फाटकवाल्याने हात वर करून फाटक ओढायला घेतलं होतं. "थांबा," चंद्रा म्हणाली. "निघतो की," सदानंद म्हणाला आणि त्याने पाय तळाला नेला. मोटार झेपावली, रुळांवर चढली, आणि बरोबर दोन रुळांच्या मधोमध तिला खोकला आला. आचका, आचका, आणि शांत.

पुढचं चंद्राला नीटसं आठवत नाही. ती नारूला पोटाशी धरून पलीकडच्या हातगाडीवाल्यापर्यंत कधी पोहोचली, हे त्या हातगाडीवाल्यालाच विचारावं लागेल. मागच्या बायांनी मात्र पाट्या डोक्यावरून न उतरवता खाली उड्या मारल्या आणि होडी वाळूवर ओढतात तशी मोटार ढकलून पार केली. विठाबाई ढकलत होत्या आणि त्याच श्वासात मोटारीच्या, शेठच्या आणि पोटच्या लेकाच्या सात पिढ्या काढत होत्या. त्यातल्या काही पिढ्या त्यांच्या स्वतःच्याच होत्या, पण तेव्हा हिशेब कोण करतो. गाडी यायला बराच अवकाश होता. फाटकवाला म्हणाला, "मावशी, तुमची ही मोटार मालगाडीला जोडून टाका."

त्या संध्याकाळी विठाबाईंनी निकाल दिला. "सदा, तुला मरायचं तर मर, मी रडेन. पण ही खोकते तोवर माझा नातू तिच्यात बसणार नाय. आणि तो नाय तर त्याची आई नाय. कसली शाळा नि कसली तलासरी."

चंद्राची पंचाईत अशी की सासूचा शब्द न् शब्द तिला पटत होता. फाटकापासून तिला स्वतःलाच झोप नव्हती. पण शाळाही हवी होती. तेव्हा उपाय एकच. खोकला शोधून काढायचा, आणि तो सोमवारच्या आत.

डहाणूत स्टेशनजवळ चिमणभाईंचं गॅरेज होतं. चिमणभाई मोठा शोधक माणूस. आधी त्यांनी प्लग काढून पुसले, मग कार्बोरेटर उघडला. त्याच्या गळ्यात वाकून हाताने रेस दिली तेव्हा पेट्रोलची बारीक धार उडताना दिसली. "बघ बेन, पिचकारी मारते. इकडे काय पण नाय." जेटमध्ये फुंकर मारली, आरपार. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा बदलला. गॅरेजमध्ये कितीही रेस द्या, मोटार वाघासारखी गुरगुरायची. चिमणभाई हात पुसत म्हणाले, "गॅरेजमां ही शहाणी. घरी जाऊन वेडी होते. माझा मुलगा पण असाच हाय."

"मग तिला वेडी होते तिथे नेऊन बघू," चंद्रा म्हणाली.

नारूला आजीजवळ ठेवून तिघं गंजाडच्या पुढच्या चढाला गेली. चंद्रा मागे फळीवर बसून सगळं टिपत होती. नवऱ्याचा पाय कुठे आहे, आवाज कधी बदलतो, कोण काय करतं. चढावर सदानंदने रेस दिली आणि खोकला आला. चिमणभाई ओरडले, "चोक ओढ." चोक ओढल्यावर मोटार जराशी सावरली, मग पुन्हा मान टाकून उभी राहिली.

"कळलं," चिमणभाई म्हणाले. "हवा भरपूर, पेट्रोल कमी. चोकने हवा दाबली तर जीव आला. उपाशी हाय बिचारी." त्यांनी उडी मारून तिथल्या तिथे कार्बोरेटरची वाटी उघडली. वाटी कोरडी ठणठणीत. "पेट्रोल वरपर्यंत येतच नाय."

"गॅरेजमध्ये येतं, इथे का येत नाही?"

"गॅरेजमां उभ्या उभ्या ती पिते किती? इथे चढावर खरी तहान लागते." चिमणभाईंनी सायकलीचा पंप नळीला लावून टाकीच्या दिशेने उलटी हवा मारली. मोटार चालू झाली आणि सगळा चढ न खोकता चढली. चिमणभाई परतीच्या वाटेवर गाणं म्हणत होते. डहाणू दिसायला लागलं, सदानंदचा पाय आपोआप खाली गेला, आणि गाणं मध्येच थांबलं, कारण मोटार थांबली होती.

या वेळी चिमणभाई रागावून खाली उतरलेच नाहीत.  थोड्या वेळाने सदानंदने सहज बटण दाबलं, आणि मोटार सुरू.

"आता कोणी काय केलं?" चंद्राने विचारलं.

"मी काय नाय केला," चिमणभाई म्हणाले.

"म्हणजे बिघाड आपला आपण आला आणि आपला आपण गेला. असा कुठला बिघाड असतो?"

चिमणभाईंनी आभाळाकडे बोट दाखवलं. "एक तर वरचा. नाय तर बायकोचा."

घरी आल्यावर नारू भुकेने लाल झालेला. चंद्राने तांदळाची पेज फडक्यातून गाळून बाटलीत भरली. घाईत गाळलेली, त्यात एखाददुसरं शीत राहिलंच असणार. नारू बाटलीवर तुटून पडला. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, आणि पेज येईना. त्याने बोंड सोडून भोकाड पसरलं. भोकाड संपवून पुन्हा तोंड लावलं तर पेज येऊ लागली. जरा वेळ हळू प्याला, मग हावरेपणाने ओढलं, पुन्हा बंद.

"हावरट मेला," विठाबाई कौतुकाने म्हणाल्या. "हळू प्याला की मिळतं, जोर केला की अडतं. बापावर गेलाय."

चंद्राने बाटली उजेडात धरली. आत एक फुगलेलं शीत होतं. नारू ओढायचा तेव्हा ते बोंडाच्या भोकात जाऊन बसायचं. सोडलं की खाली पडायचं. ती बाटली हातात धरून इतका वेळ उभी राहिली की नारू तिसऱ्यांदा रडायला लागला.

"आई," ती म्हणाली, "मोटारीच्या टाकीत शीत आहे."

"अगो, ती पेज पिते का?" विठाबाई म्हणाल्या, आणि का कोण जाणे, लगबगीने आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राने चिमणभाईंना टाकी रिकामी करायला लावली. चिमणभाई नाखूश होते. टाकी म्हणजे नुसता डबा, त्यात काय बिघडणार. पण त्यांच्यापाशी दुसरा उपाय उरला नव्हता. टाकी उघडायच्या आधी चंद्राने गॅरेजसमोरचा रस्ता झाडूनपुसून सुरक्षित केला. बघ्यांच्या विड्या विझवल्या, टांगेवाल्याला पुढच्या वळणावर पाठवलं, समोरच्या हॉटेलवाल्याची चूल विझवायला लावली. टाकी रिकामी होईपर्यंत स्टेशनच्या त्या अंगाला कुणाला चहा मिळाला नाही. हॉटेलवाला म्हणाला, "बाई, गाडीचं बाळंतपण आहे का?"

टाकीच्या तळाचा बोल्ट सोडला. खाली डब्याच्या तोंडावर चंद्राने नारूच्या पेजेचं फडकं बांधलेलं. पेट्रोल गळालं, थोडा गंज आला, थोडी वाळू आली. शेवटी चिमणभाईंनी टाकी तिरकी करून धोपटली, तेव्हा फडक्यावर टप्पकन काहीतरी पडलं. गोल, पातळ, रुपयाएवढं, शिंपल्यासारखं चमकणारं. पेट्रोलमध्ये राहून राहून तर ते आरशासारखं झालं होतं.

चिमणभाईंनी ते चिमटीत धरून टाकीतल्या नळीच्या तोंडावर ठेवलं. झाकणासारखं बसलं. रेस दिली की नळी जोरात ओढणार, हे तोंडाशी जाऊन चिकटणार, पेट्रोल बंद. मोटार थांबली की आपलं सुटून तळाला.

सदानंद वाकून बघत होता. "जिताडा," तो म्हणाला.

"काय?"

"जिताड्याचा खवला आहे. मोठा मासा असणार, दहा-बारा शेर तरी." मासा कोणता, केवढा, हे त्याने एका खवल्यावरून ओळखलं. "पण जिताडा टाकीत गेला कसा?"

"पोहत," चिमणभाई म्हणाले.

टाकी जोडून झाल्यावर सदानंदने मोटार गंजाडच्या चढावर घातली आणि पाय तळाला नेला. मोटार खोकली नाही. चिमणभाईंनी टोपी धरली. चंद्राच्या पोटात आनंद मावेना. तो पहिल्या वळणापर्यंत टिकला. वळणावर रस्त्यातली कोंबडी, बैलगाडी आणि आंब्याचं झाड अशी एकामागून एक तिच्या नाकासमोरून गेली. ती ओरडली तो आवाज मागेच राहिला. इतके दिवस मोटार खोकत होती म्हणून सदानंद माणसात होता, हे तिला तेव्हा कळलं.

घरी येऊन तिने खवला ओसरीवर ठेवला. विठाबाईंनी बघितला आणि कपाळाला हात लावला.

"हा कोणी काढला?"

"म्हणजे घातला कोणी, आई?"

"मी," विठाबाई म्हणाल्या, चोरी पकडली गेल्यासारख्या नव्हे तर चोरी झाल्यासारख्या. "आमच्या माहेरी नवी होडी आली की पहिल्या मोठ्या माशाचा खवला तिच्या पोटात ठेवायचे. होडी मग उपाशी राहत नाय. होडीचं पोट मला ठाऊक आहे. हिचं नव्हतं, म्हणून मी सदाला विचारलं."

सगळे सदानंदकडे वळले.

"तू विचारलंस ही खाते कुठून," सदानंद म्हणाला. "मी म्हटलं, इथून."

"तेच तर. पोराचं उष्टावण झालं. मग हिला काय कोरडीच ठेवायची होती?"

चंद्राला औषधांच्या पेटीवरचं पितळेचं टाळं आठवलं. पुढे खुशरूशेठनी सांगितलं, त्यांच्या फुईने, म्हणजे आत्याने, त्याच टाकीत गुलाबपाणी ओतलं होतं. पण त्या क्षणी तिला शेठपेक्षा सोमवार दिसत होता.

"असो. खोकला गेला," ती म्हणाली. "आता नारूला नेऊ ना?"

"पळते कशी?" विठाबाईंनी विचारलं.

चंद्रा नारूचं तोंड पुसायला लागली. सदानंद मात्र भोळेपणाने म्हणाला, "आये, वाऱ्यासारखी."

"बघ. माझा खवला होता तोवर तुझ्या नवऱ्याला आवरून धरत होता. खोकणारीत नातू बसवला नाय, तो पिसाळलेलीत बसवू? शाळाबिळा राहू दे."

"तुमच्या खवल्याने रुळांवर उभं केलं होतं आपल्याला."

"रुळांवर कोणी नेलं होतं? खवल्याने?"

 खवला ठेवावा तर रूळ, काढावा तर वळण. चंद्रा ओसरीवर बसली. समोर विठाबाई जाळं सांधत होत्या. जाळ्याच्या दोरीला लाकडाचे बोये ओवलेले होते, जाळं पाण्यात तरंगत राहावं, तळाला जाऊ नये म्हणून.

"आई," चंद्रा हळूच म्हणाली, "एक बोया द्या."

विठाबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग अंगणात उभ्या मोटारीकडे बघितलं. सासूसुनेचं एकमत व्हायची त्या घरात ती पहिलीच वेळ असावी. सदानंद आंघोळीला गेला होता. चंद्राने कोयत्याने बोया तासला, मोटारीत वाकून रेसच्या पट्टीखाली बसवून बघितला, पुन्हा तासला. पट्टी निम्मी खाली जायची आणि बोयावर टेकायची. विठाबाईंनी डांबर लावलेल्या सुताने तो खालच्या पत्र्याला बांधला. त्यांचे वडील तांडेल, होडीचे कप्तान, होते, त्यांनी शिकवलेली गाठ मारली. भिजली की आवळते आणि ओढणाऱ्याला हसते अशी ती गाठ.

सोमवारी पहाटे पाट्या चढल्या. चंद्रा कोरं लुगडं नेसून, नारूला टोपरं, मोजे, वर शाल असा बांधून पुढे बसली. सदानंदने पाय दाबला. पाय मध्येच थांबला. त्याने पुन्हा दाबला, मग खाली वाकून बघितलं.

"हे काय आहे?"

"बोया," दोघी म्हणाल्या.

"तो कशाला?"

"बुडू नये म्हणून," विठाबाई म्हणाल्या आणि नातवाला काजळाची तीट लावून बाजूला झाल्या.

मोटार देवळात जाणाऱ्या म्हातारीसारखी निघाली. फाटक बंद होत होतं, सदानंद मुकाट्याने उभा राहिला. फाटकवाल्याने सलाम केला. गंजाडचा चढ ती न खोकता, न धावता चढली. तलासरीला पोहोचेपर्यंत नारू झोपलेला होता, शाळेची घंटा व्हायची होती, आणि चंद्राला पोहोचायला उशीर झाला नव्हता.

आता गोष्ट इथे संपायला हवी, पण चंद्राच्या गोष्टी कधी अशा संपतात का. तिला आणि नारूला शाळेशी उतरवून सदानंद बाजारात पाट्या रिकाम्या करतो आणि दुपारी एकटाच परत निघतो. मुलांना कविता सांगताना चंद्राचा एक कान रस्त्याकडे असतो. मोटारीचा आवाज येतो, चढाला लागतो, आणि तो आवाज तिच्या मते जितका भरलेला असावा त्याहून जास्त भरलेला असतो. तिला घ्यायला तो संध्याकाळी येतो तेव्हा ती आधी वाकून बघते. बोया जागच्या जागी असतो. गाठही तीच, विठाबाईंच्या वडिलांची. पण सदानंद त्याच आईचा लेक आहे, आणि ती गाठ त्यालाही येते.

तेव्हा तुम्ही कधी दुपारच्या वेळी तलासरीकडून डहाणूला येत असाल आणि पाठ कापलेली, रिकाम्या पाट्यांची एक जुनी मोटार तुम्हांला भेटली, तर हात दाखवून थांबवा. काही विचारू नका, त्याला संशय येईल. विडीला काडी मागा आणि मागता मागता जरा त्याच्या उजव्या पायाखाली बघा. बोया असला तर चांगलंच. नसला तर तलासरीच्या शाळेत निरोप द्या, मास्तरीणबाईंना. त्या खिडकीपाशीच असतात.